फादरांना डीफ्रॉक केलं

फादरांचे झगे चौदा वर्षं मीच शिवले. काळं कापड, पायघोळ घेर, गळ्यापासून घोट्यापर्यंत तेहतीस बटणं आणि तेहतीस काजं, सगळी हातानं. मशीनवर काज होत नाही असं नाही. पण फादरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला अर्धा इंच खाली होता, त्यामुळे बटणांची ओळ सरळ दिसायची तर एकेक काज डोळ्यांनी जोखूनच पाडावं लागायचं. मापाला आले की हात पसरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "टेलरमास्तर, खरं माप लिहा. मागच्या खेपेला तुम्ही माझ्या पोटाची भीड ठेवलीत."

सगळी गल्ली मला मावशी म्हणते. टेलरमास्तर म्हणणारे ते एकटे.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मी या माणसाला ओळखत नव्हते असं कोणाला वाटायला नको. मी ओळखत होते. माझं दुकान चर्चच्या मागच्या गल्लीत. पुढे दोन मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे आमचं घर. उजवीकडे फ्रिज दुरुस्तीचं दुकान, समोर बेकरी. माझी लेक हॉस्पिटलात नर्स आहे. तिचा पहिला नवरा नात पोटात असताना घर सोडून जो गेला तो गेलाच. नातीला आम्ही चिमणी म्हणतो. पुढे लेकीला त्याच हॉस्पिटलात एक चांगला माणूस भेटला, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. पण पहिला नवरा जिवंत असताना हिचं दुसरं लग्न चर्चमध्ये कोण लावणार? दोन ठिकाणी तर आम्हाला बसासुद्धा म्हणाले नाहीत. फादर म्हणाले, "तारीख ठरवा टेलरमास्तर. बाकीचं माझ्याकडे लागलं." चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठ माणसांत लग्न झालं. बाकीचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. माझं काम झालं होतं.

चिमणी आता सात वर्षांची. दर गुरुवारी शाळा सुटली की त्याच हॉलमध्ये फादर गल्लीतल्या दहा-बारा मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायचे. चिमणी कधी चुकवायची नाही.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडत होते. समोरची बेकरीवाली पीठभरल्या हातानं मोबाइल धरून धावत आली.

"मावशी, हे बघा काय आलंय. आपल्या फादरांचा फोटो आहे."

मोबाइलवर वर्तमानपत्राच्या एका तुकड्याचा फोटो होता. फादर, मागे चर्चचं दार, आणि वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ. खालची बातमी कापलेली. मला इंग्रजी अक्षरं येतात, कापडाच्या गठ्ठ्यावरची नावं वाचून वाचून आलीत. मी एकेक अक्षर जोडत पहिला शब्द लावला. प्रीस्ट. म्हणजे फादरच. दुसरा शब्द लांबलचक होता, तो काही जुळेना.

"फ्रिजवाल्याला बोलवा," बेकरीवाली म्हणाली.

फ्रिजवाला हात पुसत आला. गल्लीत इंग्रजी कागद आला की तोच वाचतो. फ्रिजबरोबर येणारी पुस्तकं इंग्रजीत असतात, त्यामुळे त्याचा तो मान आहे. त्यानं मोबाइल लांब धरला, जवळ आणला, आणि मोठ्यानं वाचलं, "प्रीस्ट डीफ्रॉक्ड आफ्टर कम्प्लेंट्स."

"म्हणजे?"

"कम्प्लेंट्स म्हणजे तक्रारी. आफ्टर म्हणजे नंतर."

"ते कळलं रे. मधलं काय आहे?"

तो थोडा अडला. मग त्याचा चेहरा उजळला. तो आपल्या दुकानात गेला आणि कुठल्याशा जुन्या फ्रिजचं निखळलेलं बटण घेऊन आला. त्यावर बारीक अक्षरं होती.

"हे बघा. डी-फ्रॉस्ट. फ्रॉस्ट म्हणजे बर्फ. डीफ्रॉस्ट म्हणजे बर्फ काढणे. डी लागला की काढणे, साधा हिशेब." मग त्यानं पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "आता हे. डी... फ्रॉक."

आणि त्यानं वर पाहिलं.

फ्रॉक म्हणजे काय, हे टेलरला कोणी शिकवावं लागत नाही. माझ्या डोक्यावरच्या दांडीला त्या वेळी सहा फ्रॉक टांगलेले होते. सगळे पाच ते दहा वर्षांच्या मुलींचे.

बेकरीवालीनं पिठाचा हात तोंडावर ठेवला. "तक्रारींनंतर," ती म्हणाली. "म्हणजे एक नाही. पुष्कळ."

माझ्या काळजात धस्स झालं. पण ते त्या शब्दानं नाही. मला एकदम चिमणीचा पिवळा फ्रॉक आठवला.

दोन आठवड्यांपूर्वी चिमणी हॉलमधून घरी आली तेव्हा तिच्या पिवळ्या फ्रॉकच्या घेराला काळ्या दोऱ्याचे टाके होते. वेडेवाकडे, एक इथं तर एक तिथं, कोंबडीनं चोच मारल्यासारखे. बाकाच्या खिळ्याला अडकून फाटला, फादरांनी शिवून दिला, असं ती म्हणाली होती. दोरा कुठला ते मी तेव्हाच ओळखलं. झग्याचं बटण तुटलं तर असू द्या म्हणून मीच फादरांना दिलेलं काळं रीळ. मी पोट धरून हसले होते. टाके उसवून नीट घालायचे म्हणून फ्रॉक बाजूला ठेवला, आणि तो तसाच राहिला होता.

मी पडद्यामागे गेले, ट्रंकेवरच्या ढिगातून तो फ्रॉक ओढून काढला. तेच टाके. पण आता मला ते वेगळे दिसायला लागले. हा फाटला कसा? खिळ्यालाच फाटला कशावरून? शिवला तेव्हा तो अंगात होता की नव्हता? कानशिलं तापली. लेकीला फोन करावा, चिमणीला शाळेतून आणून तिला जवळ घेऊन विचारावं, यातलं काही मला सुचलं नाही. मी तो फ्रॉक हातात घेऊन गल्लीत उतरले.

मी काय ओरडले ते सगळं मला आठवत नाही. बेकरीवालीला आठवतं. तिनं नंतर मला शब्दन् शब्द सांगितला, आणि ते मी इथं लिहिणार नाही. पण फ्रॉक वर धरून मी तो सगळ्यांना दाखवला, हे मला आठवतं. ज्यांची मुलं गुरुवारी हॉलमध्ये जात होती त्या बाया हातातलं काम टाकून आल्या. एकीच्या हातात तर अर्धवट भरलेली उशीची खोळ होती. फ्रिजवाला प्रत्येकाला ते बटण दाखवत होता. डी म्हणजे काढणे. तीस-चाळीस माणसं झाली असतील. आम्ही फादरांच्या घराकडे निघालो. सगळ्यांच्या पुढे मी.

फादरांचं घर चर्चला लागूनच. दार उघडं होतं. फादर खोक्यांत पुस्तकं भरत होते. अंगात झगा नव्हता. साधा शर्ट, साधी पँट. चौदा वर्षांत मी त्यांना झग्याशिवाय पाहिलं नव्हतं. मापालासुद्धा ते जुना झगा घालूनच यायचे.

"बघा, पळून चाललाय," मागून कोणीतरी म्हणालं.

फादरांनी मान वर केली. एवढी माणसं पाहून ते गोंधळले. मग मी दिसले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. ओळखीचं कोणी दिसल्यावर होतो तसा.

"टेलरमास्तर? काय झालं? चिमणी बरी आहे ना?"

त्यांच्या तोंडी चिमणीचं नाव ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. "नाव घेऊ नकोस तिचं!" मी ओरडले. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे केलं. फ्रॉक त्यांच्या तोंडासमोर नाचवला. "हे काय आहे? बोल! काय केलंस माझ्या पोरीचं?"

त्यांनी फ्रॉककडे पाहिलं, टाक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही उमगत नव्हतं, हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. आज मला ते दिसतं.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला एक म्हातारी बाई होती, गुडघ्यांनी अधू. ती आतून भिंत धरत धरत आली. "अहो, मी तिथंच होते," ती म्हणाली. "पोर बाकावर उभी होती, आणि सगळी पोरं भोवती. मीच सुई ओवून दिली. यांना चष्म्यातनं ओवता येईना."

हे वाक्य दुसऱ्या कोणी ऐकलं की नाही, माहीत नाही. गलका फार होता. मी ऐकलं. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. ऐकलं, कळलं, आणि तरी थांबले नाही. मागे चाळीस माणसं उभी होती, ती मीच आणली होती, आणि आता मी वळून त्यांना काय सांगणार होते? मी आणखी मोठ्यानं ओरडले.

दगड मागून आला. कोणी मारला ते आजतागायत कोणाला माहीत नाही, किंवा सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी सांगत नाही. तो फादरांच्या डाव्या भुवईवर बसला. चष्म्याची काच फुटल्याचा आवाज आला, अगदी बारीक. ते खोक्यांवर कोसळले. रक्त पुस्तकांवर सांडलं. म्हातारी किंचाळली.

चौकातला पोलीस धावत आला, तशी माणसं पांगली. मी तिथंच उभी. थोड्या वेळानं अँब्युलन्स आली, आणि तिच्यातून उतरला माझा जावई.

त्यानं आधी फादरांना पाहिलं, मग मला. मग माझ्या हातातला फ्रॉक पाहिला.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही इथं काय करताय?"

उत्तराची त्यानं वाट पाहिली नाही. दुसऱ्या माणसाला हाताशी घेऊन फादरांना स्ट्रेचरवर घातलं. जाताना त्यांचा हात स्ट्रेचरबाहेर लोंबत होता, तो त्यानं उचलून छातीवर ठेवला.

तासाभरात लेक घरी आली. अंगात नर्सचा गणवेश, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. मी मशीनपाशी बसून होते. तिनं दुकानाचं दार आतून लावलं.

"कोणी सांगितलं तुला?"

मी सांगितलं. फोटो, फ्रिजवाला, बटण, डी म्हणजे काढणे, फ्रॉक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ती हसली. असं हसू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यात हसू नव्हतंच. मग ती स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आई, डीफ्रॉक म्हणजे पाद्रीपण काढून घेतात. चर्च त्यांना सांगतं, आजपासून तू फादर नाहीस. झगा उतरव. बस, एवढंच."

"पण तक्रारी..."

तिनं वर्तमानपत्र उलगडलं. मोबाइलवर जी बातमी कापलेली होती ती इथं पूर्ण होती, जेमतेम बोटभर. तिनं एकेक वाक्य वाचून मला अर्थ सांगितला. चर्चच्या नियमात न बसणारी लग्नं लावल्याच्या तक्रारी. बिशपांनी दोनदा ताकीद दिली होती. फादरांनी मानली नाही. घटस्फोट झालेल्या, टाकून दिलेल्या अशा माणसांची चार लग्नं त्यांनी परवानगीशिवाय लावली. माफी मागा म्हटलं, तर तीही मागितली नाही.

"चार," लेक म्हणाली. "त्यातलं पहिलं कोणाचं, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. पायाखालची जमीन सरकते असं आपण म्हणतो. माझी सरकली नाही. उलट जमीन, मशीन, टेप, कात्री, सगळं जागच्या जागी होतं, आणि ते तसं कसं काय असू शकतं, हेच मला कळेना.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात बोलले माझ्याजवळ. म्हणाले, आईला एवढ्यात सांगू नकोस. त्या माझे झगे शिवतात, त्यांना लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. लेक म्हणाली होती, जाऊ नकोस. मी गेले. जनरल वॉर्डात खिडकीकडची खाट. भुवईवर सात टाके, डोळा सुजून मिटलेला. दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी मला पाहिलं.

"बसा, बाई," ते म्हणाले.

बाई. मी उभीच राहिले.

"कशावरून वाटलं तुम्हाला तसं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. फ्रिजचं बटण आलं तशी त्यांची छाती हलायला लागली. ते हसत होते. टाके ताणले तसा त्यांनी कपाळावर हात दाबला, तरी हसू थांबेना. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बघायला लागला. मग हसणं थांबलं, आणि त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. तिकडे बघतच ते बोलले, शिकवल्यासारखं. त्यांची सवयच ती.

"शब्द मोडला बरोबर त्यानं. डी म्हणजे काढणंच. फ्रॉक तेवढा चुकला. फ्रॉक म्हणजे आधी मुलीचा कपडा नव्हताच. मठात राहणाऱ्या साधूंचा ढगळ, लांब झगा, तो फ्रॉक. फ्रेंच लोकांचा शब्द, त्यांच्याकडून इंग्रजीत आला. पुढे कामकरी लोक तसलंच ढगळ काही घालायला लागले, त्यालाही फ्रॉक म्हणाले. मग बायकांच्या कपड्याला, मग लहान मुलींच्या. साधूच्या अंगावरचा शब्द पोरींच्या अंगावर गेला, पण डीफ्रॉकमध्ये साधूच राहिला." ते थांबले. "तुम्ही तरी दोघांना काय म्हणता? माझाही झगा, आणि चिमणीचाही झगाच."

खरं होतं. शिवायला टाकताना बाया म्हणतातच, मावशी, पोरीला एक झगा शिवा.

"मला शब्द ठाऊक नव्हता, फादर," मी म्हणाले. "माझी चूक झाली. पाया पडते तुमच्या."

"शब्द ठाऊक नव्हता, मान्य," ते म्हणाले. "मी ठाऊक होतो."

माफ करा, एवढं कसंबसं म्हटलं असेन. त्यांनी चांगला डोळाही मिटून घेतला.

"आज नाही जमणार," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आज नाही."

पोलिसानं विचारलं तेव्हा फादरांनी एकाही माणसाचं नाव सांगितलं नाही, हे मला जावयाकडून कळलं. म्हणून मी स्वतः चौकीवर गेले आणि म्हणाले, माझं लिहून घ्या. मीच सुरू केलं, मीच माणसं नेली. पोलिसानं लिहून घेतलं, सही घेतली, समज दिली आणि घरी जा म्हणाला. मला वाटलं होतं, डांबून ठेवतील. मला तेच हवं होतं बहुतेक.

मग मी घरोघर गेले. वर्तमानपत्र बरोबर घेऊन, लेकीनं सांगितलेला अर्थ पाठ करून. बेकरीवाली रडली, पण डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "तरी मावशी, काहीतरी असेलच. उगाच कोण कोणाला काढतं?" उशीवालीनं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, आम्ही तुमच्या सांगण्यावर आलो होतो, आता तुम्हीच उलटं सांगता, आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?

फ्रिजवाला तर भांडायलाच उठला. "डी म्हणजे काढणे की नाही? सांगा!"

"हो."

"मग मी काय चुकीचं बोललो?"

"झगा काढायचा होता रे. फादरांचा."

"मग तसं लिहायचं त्यांनी!" तो म्हणाला आणि फ्रिजच्या मागे जाऊन उगाचच काहीतरी ठोकत बसला. त्याचे डोळे भरलेले होते, ते मी पाहिलं. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि इंग्रजी कागद आला तर चष्मा नाही म्हणून परत पाठवतो.

सगळ्यात वाईट ते चिमणीचं. तिला यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पण शाळेत पोरींनी तिला घेरून विचारलं, फादरांनी तुझं काय केलं? ती म्हणाली, फ्रॉक शिवला. पोरी हसल्या. घरी येऊन ती माझ्या मशीनजवळ उभी राहिली, चाकाला बोट लावत. मग विचारलं, "आजी, मी खिळ्याला अडकवला म्हणून झालं का हे?"

मी तिला पोटाशी धरलं. नाही गं, हे आजीमुळं झालं, असं म्हणाले. तिला ते पटलं नाही. सात वर्षांच्या पोरीला आजी असं काही करेल हे पटायचं कसं? लेकीनं तिला दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर हॉस्पिटलच्या पाळणाघरात ठेवायला सुरुवात केली. भांडण केलं नाही. नुसतं म्हणाली, "थोडे दिवस, आई."

फादर तीन आठवड्यांनी गाव सोडून गेले. लेक आणि जावई त्यांना बसवर पोचवायला गेले होते, हे मला ते परतल्यावर कळलं. आता ते दुसऱ्या गावात मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवतात. महिन्याकाठी लेकीला पत्र येतं. शेवटी लिहिलेलं असतं, घरी सगळ्यांना नमस्कार. त्या सगळ्यांत मी आहे की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. नवे फादर आले, तरुण आहेत. ते शहरातून तयार झगे आणतात.

परवाची गोष्ट. दुसऱ्या टोकाच्या वस्तीतली एक बाई कोट शिवायला आली. नवं गिऱ्हाईक, मी तिला ओळखत नव्हते, ती मला. मी पाठीचं माप घेत होते, आणि ती खिडकीतून चर्चकडे बघत म्हणाली, "इथलाच ना हो तो फादर?"

"कुठला?"

"अहो, तो! तीन पोरी सापडल्या म्हणे त्याच्या घरात. कोंडून ठेवलेल्या. सुया टोचायचा म्हणे त्यांना, काळ्या दोऱ्यानं अंगं शिवायचा. एका आजीनं दार फोडून सोडवल्या. मोठी धीराची बाई, एकटी गेली. माझ्या जावेच्या बहिणीनं डोळ्यांनी पाहिलंय."

टेप माझ्या हातातून सुटून खाली पडला. तीन पोरी. सुया. अंगं शिवायचा. मी आरशात पाहिलं. ती बाई हात पसरून उभी होती आणि चेहऱ्यावर कौतुक होतं, त्या आजीचं. एवढ्या दिवसांत इतकी किळस मला कशाची आली नव्हती.

मी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या.

"ती आजी मी," मी म्हणाले.

"अगंबाई!" तिनं वळून माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही? खरंच तुम्ही?"

"दार उघडंच होतं," मी म्हणाले. "आणि आत एकही मुलगी नव्हती. एक म्हातारा माणूस पुस्तकं भरत होता."

तिला कळेना. हात मात्र तिनं सोडले. कोट राहू द्या, मी नंतर येते, असं काहीतरी पुटपुटत ती पर्स शोधायला लागली. पर्स माझ्यामागे होती. मी ती दिली नाही. स्टूल पुढे ओढलं, त्यावरचे कापडाचे तुकडे झटकले.

"बसा," मी तिला म्हणाले. "वेळ लागेल, पण पुरतं ऐकून जा. माझ्याच तोंडून ऐका."

ती बसली, अगदी कडेला. मी पहिल्यापासून सांगायला लागले.